पायाचा कौल

पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. मुंबईचा मरीन ड्राइव्ह असो, दिल्लीचे लोदी उद्यान असो, बंगळूरचे कब्बन पार्क असो की कोलकात्याचे मैदान असो, अंधार पुरता ओसरण्यापूर्वीच तेथे पावलांचा लयबद्ध आवाज कानी पडू लागतो. एक काळ असा होता की, भल्या पहाटे रस्त्याने धावणारा मनुष्य दिसला तर तो सैनिक असावा, पैलवान असावा, निदान त्याची गाडी तरी चुकत असावी, असा पाहणाऱ्याचा तर्क होई. आता तसे राहिलेले नाही. कारकून धावतात, प्राध्यापक धावतात, संसाराच्या रामरगाड्यातून अर्धा तास काढून गृहिणी धावतात आणि निवृत्त न्यायाधीशही धावतात. २००४ साली मुंबईत वार्षिक मॅरेथॉन शर्यत सुरू झाली आणि पुढच्या दोन दशकांत देशातील बहुतेक मोठ्या शहरांनी तिचा कित्ता गिरवला. धावणे हा सर्वांत स्वस्त व्यायाम, असे म्हटले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. त्याला मैदानाचे भाडे नाही, जोडीदाराची वाट पाहणे नाही, उपकरणांचा बडेजाव नाही. लागते ती एकच वस्तू, आणि ती म्हणजे पायांत घालावयाचा जोडा. नेमक्या त्या एका वस्तूच्या निवडीत पुष्कळ माणसे फसतात.

चाळिशी ओलांडलेल्या एका गृहस्थाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. रक्तदाब मोजताना डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली आणि गृहस्थांनी धावण्याचा निश्चय केला. दुपारच्या सुट्टीत कचेरीतून निघून ते दुकानात गेले. भिंतभर बूट मांडलेले होते. निळे, तांबडे, पोपटी, काजव्यासारखे चमकणारे. विक्रेत्याने विचारले, “कोणता नंबर?” गृहस्थ म्हणाले, “आठ.” हा आठाचा आकडा त्यांना लग्नात घेतलेल्या बुटांपासून पाठ होता. त्यानंतर वीस वर्षे लोटली, कमरेचे माप चार वेळा बदलले, चष्म्याचा नंबर तीन वेळा बदलला. पायाचा नंबर मात्र जन्मनक्षत्राप्रमाणे कायमचा, असा त्यांचा समज होता. उरलेली चर्चा रंग आणि किंमत यांवर झाली. बूट थोडा आवळत होता. “वापराने सैल होईल,” असे विक्रेता म्हणाला आणि गृहस्थांना ते पटले. तीन आठवड्यांत अंगठ्याचे नख काळे पडले, करंगळीवर फोड आला, सकाळी खाटेवरून उतरताना टाच ठणकू लागली. बूट खाटेखाली गेले, धावणे सुटले, आणि रक्तदाब जेथे होता तेथेच राहिला.

यात बूट वाईट होता असे नाही. गृहस्थांच्या अंगी चिकाटी नव्हती असेही नाही. जोडा घेताना विक्रेत्याला विचारले गेले, खिशाला विचारले गेले, डोळ्यांना विचारले गेले. ज्याला विचारावयास हवे होते त्या पायाला मात्र कोणी विचारले नाही.

पायाला विचारावयाचे म्हणजे आधी त्याची ओळख हवी. मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२ झाली. प्रौढ शरीरात एकूण २०६ हाडे. म्हणजे शरीरातील सुमारे चौथा हिस्सा हाडे या दोन लहानशा जागी एकवटली आहेत. ती ३३ सांध्यांनी जोडलेली आणि अस्थिबंधांनी आवळलेली असून त्यांच्या रचनेत तीन कमानी आहेत: एक तळव्याच्या आतल्या बाजूने, दुसरी बाहेरच्या बाजूने आणि तिसरी चवड्याखाली आडवी. पुलाची कमान दगडाची आणि अचल असते. पावलाची कमान जिवंत असते. भार पडला की ती किंचित दबते, भार उतरला की पूर्ववत उचलली जाते.

चालताना एक पाऊल नेहमी जमिनीवर असते. धावताना प्रत्येक ढांगेत असा एक क्षण येतो की दोन्ही पावले अधांतरी असतात. नंतर सारे शरीर एका पावलावर उतरते. त्या वेळी जमिनीकडून येणारा प्रतिजोर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो. ६५ किलो वजनाचा मनुष्य पाच किलोमीटर धावला, तर त्याची पाच हजारांहून अधिक पावले पडतात. म्हणजे दीडशे किलोच्या घरातील भार प्रत्येक पाऊल अडीच हजार वेळा झेलते. इतक्या वेळा घडणाऱ्या क्रियेत जोड्याची चूक कितीही लहान असली तरी ती लहान राहत नाही. चालताना जाणवतही नाही अशी एखादी शिवण तिसऱ्या किलोमीटरला फोड उठवते.

पूर्वी गावातील चर्मकार गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून त्याभोवती रेघ ओढी आणि त्या आकृतीवरून जोडा बेती. तो जोडा ओबडधोबड असे, प्रसंगी चावेही. पण तो त्या एका माणसासाठी केलेला असे. कारखान्यात ही रीत चालत नाही. तेथे पायाच्या आकाराचा एक फर्मा असतो आणि त्या फर्म्यावर हजारो जोडे चढतात. फर्मा कोणाच्या पायासारखा करावा, हा प्रश्न जुनाच आहे. पेट्रस काम्पर या डच शरीरशास्त्रज्ञाने १७८१ साली उत्तम जोडा कसा असावा यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. त्या काळात युरोपातही पुष्कळदा डाव्या-उजव्या पायांसाठी एकाच सरळ आकाराचे बूट करीत आणि ज्याने त्याने ते आपल्या पायावर वळवून घ्यावेत, अशी अपेक्षा असे. डावा-उजवा भेद सर्वत्र रूढ व्हावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

कारखान्याच्या जोड्यात पायाची आकृती गेली आणि नंबर राहिला. हा नंबर म्हणजे काय, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. भारतात प्रचलित असलेली इंग्रजी मापपद्धती बार्लीच्या दाण्यावर उभारलेली आहे. एका इंचात तीन दाणे, आणि एका नंबराचा फरक म्हणजे एका दाण्याचा, अर्थात सुमारे साडेआठ मिलिमीटरांचा फरक. आपल्याकडेही आठ यवांचे एक अंगुल मोजीत असत, तेव्हा धान्याने लांबी मोजण्यात नवल नाही. लक्षात ठेवावयाचे ते असे की, हा नंबर केवळ लांबी सांगतो. पाऊल रुंद की अरुंद, चवडा पसरट की निमुळता, पावलाची वरची बाजू उंच की बसकी, यांविषयी तो मौन पाळतो. शिवाय दोन कारखान्यांचे फर्मे वेगळे असल्यामुळे एकाचा आठ हा दुसऱ्याच्या साडेआठासारखा बसू शकतो.

या उसन्या मापात भारतीय पाऊल कितपत बसते, हे पाहण्याचे काम चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने हाती घेतले. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशाच्या पाच विभागांतील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांची पावले त्रिमितीय यंत्रांनी मोजण्यात आली. त्यात असे आढळले की, भारतीयांची पावले युरोपीय किंवा अमेरिकी लोकांच्या पावलांपेक्षा साधारणतः रुंद आहेत. अरुंद जोड्यात रुंद पाऊल मावत नाही म्हणून लोक लांबीने मोठा जोडा घेतात आणि मग तो पायात राहावा म्हणून नाड्या करकचून बांधतात. रुंदीची उणीव अशी लांबीने भरून काढल्यावर टाच मागे-पुढे सरकते आणि धावताना तिला फोड येतात. या पाहणीच्या आधारे स्वतंत्र भारतीय मापपद्धतीचा प्रस्ताव पुढे आला. तिला भारताच्या आद्याक्षरावरून ‘भ’ असे नाव सुचविण्यात आले आणि २०२४ साली तो प्रस्ताव सर्वांना कळला. माप बदलणे हे वरवर पाहता कचेरीतले काम वाटते; परंतु त्या आकड्याच्या मागे कोट्यवधी पावलांचे सुखदुःख उभे असते.

मापपद्धती बदलेल तेव्हा बदलेल. तोवर प्रत्येकाने आपली काळजी घ्यावयाची आहे, आणि ती घेणे अवघडही नाही. जोडा घ्यावयास सायंकाळी जावे. दिवसभराच्या उभ्याने व चालण्याने पाऊल थोडे फुगते, धावतानाही ते फुगते. तेव्हा सायंकाळचे पाऊल हे धावत्या पावलाच्या अधिक जवळचे असते. धावताना जे मोजे घालावयाचे तेच घालून जावे. माप बसून नव्हे, उभे राहून द्यावे. कारण उभे राहिल्यावर कमान दबते आणि पाऊल लांब व रुंद होते. दोन्ही पावलांची मापे घ्यावीत. फार थोड्या माणसांची दोन्ही पावले अगदी सारखी असतात, आणि जोडा नेहमी मोठ्या पावलाच्या मापाचा घ्यावा. वाढत्या वयात कमानी काहीशा सैलावतात. स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपणानंतरही पाऊल मोठे झालेले आढळते. म्हणून विशीतला नंबर चाळिशीत प्रमाण मानू नये.

जोडा पायात घातल्यावर सर्वांत लांब बोट आणि बुटाचे टोक यांमध्ये अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच, असे समजू नये. पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे बोट अधिक लांब असते, आणि काळ्या पडणाऱ्या नखांचे कोडे कित्येकदा तेथेच उलगडते. उतारावर धावताना पाऊल पुढे सरकते; जागा नसेल तर प्रत्येक पावलागणिक नख बुटाच्या टोकावर आदळते. बुटाच्या आत पाचही बोटे हलवता आली पाहिजेत. चवड्याची सर्वांत रुंद जागा बुटाच्या सर्वांत रुंद जागी यावी आणि बूटही तेथेच वाकावा. टाच मात्र घट्ट धरलेली असावी. थोडक्यात, पुढे मोकळीक आणि मागे पकड. बहुतेक बुटांना घोट्याजवळ नाडी ओवण्याचे एक जादा छिद्र असते. ते शोभेसाठी नाही. त्यातून नाडी फासासारखी ओवली असता टाच जागच्या जागी राहते आणि चवड्यावरची नाडी सैल ठेवता येते.

स्त्रियांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बराच काळ स्त्रियांचे धावण्याचे बूट म्हणजे पुरुषांच्या फर्म्याचीच लहान आवृत्ती असे. स्त्रीचे पाऊल हे पुरुषाच्या पावलाचे लहान रूप नव्हे. चवड्याच्या मानाने तिची टाच सामान्यतः अरुंद असते. तेव्हा बुटावर ‘स्त्रियांसाठी’ असे लिहिलेले आहे आणि रंग गुलाबी आहे, एवढ्यावर विसंबू नये; टाच धरली जाते की नाही, हे पाहावे. उलट एखाद्या स्त्रीचे पाऊल रुंद असेल आणि पुरुषांच्या विभागातील जोडा तिला नीट बसत असेल, तर तो घेण्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

येथवरच्या गोष्टी मापाच्या झाल्या. यानंतर मताची गोष्ट येते. न्हाणीघरातून ओल्या पायांनी फरशीवर आलेल्या माणसाचा ठसा पाहिला, तर कोणाच्या ठशात मधला भाग कोरडा राहतो, कोणाचा सारा तळवा उमटतो. पहिल्याची कमान उंच, दुसऱ्याची बसकी. सपाट पाय हा सैन्यभरतीत दोष मानला जात असल्यामुळे त्याची धास्ती आपल्याकडे पुष्कळांना असते. १९८० च्या दशकापासून धावण्याच्या बुटांच्या जगात असा सिद्धांत रूढ झाला की, या ठशावरून बुटाचा प्रकार ठरवावा: उंच कमानीला मऊ बूट, मध्यम कमानीला स्थैर्य देणारा बूट, सपाट पायाला आतल्या बाजूने टणक आधार दिलेला बूट. सिद्धांत सुटसुटीत होता, तर्काला पटणारा होता आणि दुकानदाराला सोयीचा होता. पुष्कळ वर्षे तो कोणी तपासून पाहिला नाही, एवढीच त्यात उणीव होती.

पुढे तो तपासला गेला. अमेरिकेच्या भूसेनेत, हवाई दलात आणि मरीन दलात नव्याने दाखल झालेल्या हजारो तरुण-तरुणींचे दोन गट करण्यात आले. एका गटाला पावलाच्या ठशाप्रमाणे तीनपैकी एक बूट दिला, दुसऱ्या गटाला ठसा न पाहता सरसकट एकाच प्रकारचा बूट दिला. २००९ व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील दुखापतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. डेन्मार्कमध्ये नव्याने धावू लागलेल्या ९२७ जणांना एकाच साध्या प्रकारचे बूट देऊन वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. ज्यांचे पाऊल धावताना आत कलते, त्यांना अधिक दुखापती होतील, अशी अपेक्षा होती. तसे घडले नाही. २०२२ साली अशा १२ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यांत ११ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. ठशावरून बूट नेमून दिल्याने दुखापती टळतात, असे त्या आढाव्यातही दिसून आले नाही.

मग निवडावे कशावरून? कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी २०१५ साली सहकाऱ्यांसह एक मत मांडले. प्रत्येक शरीराची हालचालीची स्वतःची एक स्वाभाविक वाट असते. जो बूट ती वाट मोडू पाहतो तो शरीराला जड जातो, आणि जो मोडत नाही तो सुखकर वाटतो. म्हणून अनेक बुटांतून निवड करताना जो सर्वांत सुखकर वाटेल तो घ्यावा. त्यापूर्वी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही सैनिकांना सहा प्रकारच्या आतील गाद्या दाखवून, सर्वांत सुखकर वाटेल ती घालावयास सांगितले होते. कोणाला कोणती आवडेल याचा नेम नव्हता. पण आपल्या आवडीची गादी वापरणाऱ्यांत दुखापती कमी आढळल्या. हा शास्त्राचा शेवटचा शब्द आहे असे कोणी म्हणत नाही. परंतु इतकी यंत्रे, इतके ठसे, इतकी छायाचित्रे यांच्या प्रवासानंतर शास्त्र जेथे येऊन थांबले आहे, ती जागा विलक्षण साधी आहे. पायाला काय वाटते ते विचारा, असे ते सांगत आहे.

यावर कोणी म्हणेल की, नवा जोडा सुरुवातीला चावणारच. ही समजूत कातडी जोड्यांतून आलेली आहे. कोल्हापुरी वहाण पहिले काही दिवस चावते, तिला तेल पाजावे लागते, मग ती पायाचा आकार घेते आणि पुढे वर्षानुवर्षे साथ देते. कातड्याला मुरण्याचा गुण आहे. धावण्याच्या बुटाचा तळ फोमचा आणि वरचा भाग कृत्रिम धाग्यांचा असतो. तो मुरत नाही, झिजतो. म्हणून हा बूट पहिल्याच दिवशी सुखकर वाटला पाहिजे. दुकानात जो टोचतो तो रस्त्यावर टोचणारच. दुकानात बसून सुखकर वाटणे मात्र पुरेसे नाही. दोन्ही बूट घालून, नाड्या बांधून, दुकानाच्या दारापर्यंत किंवा बाहेरच्या फरशीवर थोडे धावून पाहावे. चांगला दुकानदार याला हरकत घेत नाही.

किमतीचा आणि फॅशनचा मोहही आवरावा. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी तीन उत्पादकांचे, प्रत्येकी तीन किमतींचे बूट तपासून २००८ साली असे दाखवून दिले की, तळव्यावरील दाब कमी करण्यात स्वस्त बूट महागड्या बुटांपेक्षा उणे ठरत नाहीत. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्ना येथे एलिउद किपचोगे याने मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत कापले. त्या वेळी त्याच्या पायांतील जाड तळाचे, आत कार्बनची पट्टी असलेले बूट जगभर गाजले. पुढच्याच वर्षी रस्त्यावरील शर्यतींसाठी बुटाच्या तळाच्या जाडीवर ४० मिलिमीटरांची मर्यादा घालण्यात आली. ते बूट किपचोगेच्या कामाचे आहेत. उद्यानाला दोन फेऱ्या मारणाऱ्या गृहस्थांना त्यांची गरज नाही. तसेच टाचेखालचा तळ चवड्याखालच्या तळापेक्षा किती उंच आहे, हेही पाहावे. काही बुटांत हा फरक शून्य असतो, काहींत १२ मिलिमीटरांपर्यंत असतो. फरक कमी असलेल्या बुटात पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर अधिक ताण येतो. ज्याला जुना बूट सोसला आहे, त्याने नव्यात फार मोठा फेरफार एकदम करू नये.

अनवाणी धावणाऱ्यांचा एक पंथ आहे आणि त्यालाही इतिहासाचा आधार आहे. १९६० साली रोम येथील ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला सायंकाळच्या अंधारात, मशालींच्या उजेडात, अनवाणी पायांनी मॅरेथॉन जिंकला. वेळ होती २ तास १५ मिनिटे १६ सेकंद. चार वर्षांनी टोकियोत तो पुन्हा जिंकला, तेव्हा त्याच्या पायांत बूट होते आणि वेळ २ तास १२ मिनिटे ११ सेकंद होती. बिहारच्या बक्सर भागातून आलेले भारतीय सैन्यातील शिवनाथ सिंग हेही अनवाणी धावण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांनी १९७८ साली जालंधर येथे २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली, आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकून राहिला. अनवाणी पंथाचे लोक रोमची गोष्ट सांगतात, बूटवाले टोकियोची सांगतात. बिकिलाने स्वतः मात्र कोणताच पंथ चालवला नाही. रोममध्ये ऐन वेळी मिळालेले बूट त्याच्या पायांना मानवले नाहीत, म्हणून त्याने ते घातले नाहीत. टोकियोत मानवले, म्हणून घातले. लहानपणापासून अनवाणी वाढलेल्या पावलाचा तळवा आणि स्नायू वेगळे असतात. चाळीस वर्षे बुटात काढलेल्या माणसाने एका सकाळी डांबरी रस्त्यावर त्यांचे अनुकरण करू नये.

पायाचा कौल घ्यावा, असे म्हणताना एक मोठा अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे. ज्या पायाची संवेदनाच मंदावली आहे, तो कौल देऊ शकत नाही. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ पासून काम करणारे शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवरील जखमांचा कसोशीने अभ्यास केला. पाय झडतात ते रोगाने आपोआप नव्हे; वेदना कळत नसल्यामुळे रुग्ण टोचणाऱ्या जोड्यातून, खिळ्यावरून, फोडावरून तसाच चालत राहतो आणि जखम वाढत जाते, हे त्यांनी दाखवून दिले. अशा पायांसाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मऊ सूक्ष्मरंध्री रबराच्या चपला घडविल्या. वेदना ही देणगी आहे, असे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. आज मधुमेह देशात घरोघरी पोहोचला आहे आणि त्यानेही कित्येकांच्या तळव्याची जाणीव हळूहळू हरपते. अशा माणसाने केवळ सुखकर वाटतो म्हणून जोडा घेऊ नये. डॉक्टरांकडून पावले तपासून घ्यावीत, जोडा घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा सुरकुती नाही ना ते पाहावे, आणि रोज रात्री तळवे डोळ्यांनी तपासावेत. जेथे पाय बोलत नाही, तेथे डोळ्यांनी आणि हातांनी त्याच्या वतीने बोलावे लागते. आणि ज्यांचा पाय अजून बोलतो, त्यांनी त्याचे म्हणणे कानाआड करू नये.

योग्य जोडा मिळाला तरी सर्व काम जोडा करील, अशी अपेक्षा ठेवू नये. पुष्कळशा दुखापती बुटाने नव्हे, घाईने होतात. पहिल्याच आठवड्यात पाच किलोमीटर धावण्याची प्रतिज्ञा करणाऱ्याला कोणताही बूट वाचवू शकत नाही. चालणे, मध्येच थोडे धावणे, पुन्हा चालणे, अशा क्रमाने पावलांना आणि पोटऱ्यांना सवय होऊ द्यावी. बुटाचा तळ वरून धडका दिसला तरी आतला फोम दबत जातो. पाचशे ते आठशे किलोमीटरांनंतर बूट बदलावा, असा धावणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. परवडत असेल तर दोन वेगळे जोडे आलटून पालटून वापरावेत. लक्झेंबर्गमधील २६४ धावपटूंच्या पाहणीत तसे करणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. पावसाळ्यात तर दुसरा जोडा हवाच. भिजलेला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो वाऱ्यावर ठेवावा. फोम शाबूत राहतो आणि दर्पही येत नाही.

आता पुन्हा त्या गृहस्थांकडे वळू. सहा महिन्यांनी ते दुसऱ्यांदा दुकानात गेले. या वेळी सायंकाळी, खिशात मोज्यांची जोडी घेऊन. त्यांनी नंबर सांगितला नाही. दोन्ही पावले मोजून घेतली. उजवे पाऊल डाव्याहून थोडे मोठे निघाले, आणि माप आठाचे नव्हे, रुंद घाटाच्या नऊचे भरले. चार जोडे घालून झाले. पाचव्या जोड्यात ते दुकानाच्या दारापर्यंत धावत गेले आणि परत आले. जोडा मागच्या वर्षीचा होता, रंग करडा होता, आणि किंमत पहिल्या जोड्याहून कमी होती. विक्रेत्याने विचारले, “कसा वाटतो?” गृहस्थ क्षणभर थांबले. पायांकडून काहीच तक्रार येत नव्हती. आपण काही घातले आहे हेच पाय विसरले होते. त्यांनी तो जोडा घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे उद्यानाच्या वाटेवर पावलांचा जो आवाज उठत होता, त्यात आणखी दोन पावलांची भर पडली.